पाठचा भाऊ

नोव्हेंबरात फेरारात धुकं असं उतरतं
की सायकलीच्या आधी तिची घंटी पोचते.
गुरुवारी साडेसातला दोन घंट्या:
एर्मेसची खणखणीत,
मागून ओलिंदोची, गंजलेली, अर्धी वाजून गप्प.

आमची खानावळ सात टेबलांची.
त्यातली दोन तीनच पायांवर,
चौथ्याखाली मी जुन्या बिलांच्या घड्या सारलेल्या.
भिंतीवर इओलेच्या सासूचा फोटो, खाली लसणाची माळ.
कोण कुणाला राखतंय, विचारू नये.

एर्मेस खिडकीकडे तोंड करून बसतो,
ओलिंदो स्वयंपाकघराकडे.
मध्ये दोन खुर्च्यांच्या पाठी इतक्या जवळ
की सूप घेऊन मला आडवं व्हावं लागतं.
अकरा वर्षं दोघांत विस्तव जात नाही,
जाते ती फक्त माझ्या हातातली वाफ.
पाठचा भाऊ म्हणतात तो हाच असावा,
पाठीलाच बसलेला.

भांडण बापाच्या सायकलच्या दुकानाचं.
वाटणीत थोरल्याला दुकान मिळालं, धाकट्याला हत्यारं.
मग थोरला रिकाम्या दुकानात बसून राहिला
आणि धाकटा भरल्या पेटीवर.

मी पाव ठेवते. इथला पाव जोडीचा,
दोन पीळ मधोमध गाठीला चिकटलेले, चार शिंगं बाहेर.
एर्मेस शिंगं खातो, गाठ टाकतो.
ओलिंदो आधी गाठच फोडतो.
पूर्वी एका टोपलीतून खायचे
तेव्हा काही उरायचं नाही.

त्या गुरुवारी बारशाची चौदा माणसं आली
आणि भोपळ्याच्या कापेलाच्चींचा फडशा पाडून गेली.
कापेलाच्ची म्हणजे वेड्याविद्र्या टोप्या.
इओले त्यांच्या कडांना मुरड घालते, जिभेला नाही.
"तेरा उरल्यात," ती म्हणाली. "बघ बाई नीवेस."
मी म्हटलं, दोघांना संपल्या म्हणून सांगू?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी वाइनमध्ये पाणी घालायला सांगितलं.

घंटी आधी वाजली त्याला सात.
ओलिंदोने काट्याने एकेक टोपी मोजली,
लोण्यातलं सेजचं पान उचलून खालीही पाहिलं.
मग इओलेच्या सासूला म्हणाला,
"सहा."
मोठ्याने नाही. लहान मूल म्हणतं तसं,
आईने ऐकू नये पण ऐकावं.

पाठीमागचा काटा थांबला.
मी स्वच्छ कप पुसत राहिले.

एर्मेसने सावकाश सहा खाल्ल्या.
सातवी ताटाच्या कडेला सरकवली, तिच्यावर पान पांघरलं.
"ने हे. पोट भरलं," म्हणाला.
पावाच्या शिंगाने लोण्याचा शेवटचा थेंब पुसणारा माणूस!

स्वयंपाकघर तीन पावलांवर.
ओलिंदोचं टेबल वाटेत नाही,
पण मला तेलाची बाटली नीट ठेवायची होती,
त्याला दोन हात लागतात,
म्हणून ताट टेकवलं.
बाटली काही केल्या सरळ राहीना.
बराच वेळ गेला त्यात.

ताट उचललं तेव्हा नुसतं पान होतं.

कॉफी झाली. कुणी वळलं नाही.
बिलं मी सारखी केली,
साडेसहा टोप्यांचा हिशेब माझ्या पेन्सिलीला जमेना;
दोघांनीही तपासली नाहीत,
एरवी दहा सेंटसाठी चष्मा काढणारे.

एक गेला. थोड्या वेळाने दुसरा.
मी दार धरून उभी, थंडी आत येत होती,
इओले आतून ओरडत होती.
खणखणीत घंटी वाजली आणि लांब गेलीच नाही.
मग ती दुसरी, अर्धीमुर्धी.

धुक्यातून कुणीतरी म्हणालं,
"तेल घाल तिला, गाढवा.
हत्यारं तुझ्याकडेच आहेत ना?"