डेझर्ट कूलर

पत्र्यावर निळ्या अक्षरांत लिहिलंय: डेझर्ट.
माझ्या हातून असे शेकड्यानं गेले.
वाळवंट मी पाहिलेलं नाही,
रामटेकच्या पलीकडं फार तर तीनदा गेलोय.

मे महिना, नवतपा अजून यायचाय.
बेसा रोडवरून घोरमाडे मॅडमचा फोन:
"कूलर रात्रभर गळते जी, खालचे लोक बोलतात."
स्कूटरला पाना, दोन बॉलकॉक, वाळ्याची एक ताटी.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
कांदा आई ठेवते. मी काढून टाकत नाही.

जिना चढायच्या आधी भिंत पाहिली.
तिसऱ्या माळ्यापासून जमिनीपर्यंत एक ओली रेघ,
कडेला हिरवी, मधे पांढरा खार,
दुसऱ्या माळ्याच्या छज्ज्यात पिंपळाची तीन पानं,
आणि रेघ संपते तिथं
ऑइलपेंटची रिकामी बादली.
तोंडावर फडकं ताणून बांधलेलं.
म्हणजे ही काही आज ठेवलेली नाही.

मागं एक बाई राखेनं भांडी घासून
कोरडीच पुसत होती. वॉचमनची बायको.
नाव सुकवंती, बालाघाटकडची.
टँकर एक दिवसाआड येतो,
सगळ्यांच्या टाक्या भरल्या, की नळी झटकून
जे निघेल ते हिचं. दोन गुंड, कधी दीड.
आणि या रेघेतून सकाळपर्यंत पाच बादल्या.
वाळ्याचा वास येतो पाण्याला, म्हणाली,
म्हणून पोरगी आंघोळीला रडत नाही.

वर गेलो.
बॉलकॉकचा फुगा तडकला होता.
आत पाणी शिरलं की फुगा बुडतो,
आणि बुडालेल्याला
टाकी भरल्याचं कळत नाही.
एवढंच. पाच मिनिटांचं काम, साडेतीनशे रुपये.

मी पाऊण तास लावला.
मॅडम वाईट नाहीत. पन्हं दिलं.
"पाणी वाया जाते तं जीव तुटते," म्हणाल्या,
आणि तुटत असावा खरंच;
सिंकखाली तांदळाचं धुवण
कुंड्यांसाठी राखून ठेवलं होतं त्यांनी.
त्या फक्त रेघेच्या वरच्या टोकाला राहतात.

पाणी वाया जाऊ नये, हे मला कुणी शिकवायला नको.
गोळीबार चौकात आमच्या कूलरला नळच नाही.
आई मगानं भरते, मोजून अकरा मग.
गळका नळ दिसला की माझा हात आपसूक पान्याकडं जातो.
पण कुणाच्या बादलीच्या तोंडावर
तो याआधी गेला नव्हता.

नवा बॉलकॉक बसवला. पाणी चढलं, थांबलं.
गॅलरीतून वाकून पाहिलं.
रेघ कडांनी सुकत बारीक होत होती
आणि सुकवंती, डोळ्यांवर हात धरून,
वर.

मग मी म्हणालो, मॅडम, पाणी जड आहे,
ताट्या पांढऱ्या पडल्यात,
टाकी एक दिवसाआड पूर्ण सोडून द्यायची,
नाही तर मोटर जाईल.
खरं आहे हे.
आठवड्यातून एकदा सोडली तरी भागतं,
हेही खरं आहे. ते बोललो नाही.
खालच्या बुचाला नळी लावली, बिलात धरली नाही,
पिंपळाला वळसा देऊन
थेट फडक्यापर्यंत सोडली.

स्कूटरवर हिशेब करत आलो.
आधी दिवसाला पाच, आता दोन दिवसांनी तीन.
मी वाचवलेलं पाणी नेमकं कुणाचं,
मानेवाड्याच्या सिग्नलपर्यंत जुळेना.
समोरून झळ आली. कांदा चाचपला.

नवतप्यात फोन आला, ओळखीचा नंबर नव्हता.
सुकवंती.
नळी तीन दिवस कोरडी आहे.
मॅडम लेकीकडं पुण्याला गेल्या,
कूलर बंद करून, मेन वॉलही आठवणीनं बंद करून.
मी काय सांगणार?
येतील म्हणालो, पंधरा दिवसांत.
ती काहीच बोलली नाही, फोनही ठेवला नाही.
मागं पोरगी रडत होती.
आंघोळीची वेळ होती.