डाक कच्चा

द्वारकाआत्या माझ्या तळहातावर लिहायची
तेव्हा शिरोरेघ देत नसे.
वेळ जातो, म्हणायची. म्हणजे तेही लिहूनच.
त्यामुळे तिचा भ आणि तिचा म एकच.
घागर भरली की मरली,
हे आम्ही तिच्या चेहऱ्यावरून लावायचं.

चौथ्या वर्षी ताप. सिव्हिलमध्ये अठरा दिवस.
डोळे गेल्याचं तिथेच कळलं.
कान गेल्याचं कळायला घरी यावं लागलं:
स्वयंपाकघरात वरून कढई पडली,
सगळे दचकले,
ती नाही.

तांबट आळीत तेव्हा उजाडायच्या आधी ठोके.
बाकीच्या पोरांना ते झोपेत ऐकू येत,
तिला फरशीतून येत.
ती फरशीला गाल लावून पडून राही.
उचलायला गेलं की चावायची, ताट भिरकवायची.
पंचवटीतल्या मावशीने दोरा बांधला.
येवल्याच्या मामाने कुठल्याशा आश्रमाचा पत्ता आणला.
आजोबांनी तो पत्ता भट्टीत घातला
आणि तिचा हात उचलून
खरवईवर चढवलेल्या हंड्यावर ठेवला.

मग तांब्याच्या कातरणी.
उलट्या बाजूने ठोकून उठवलेला अ,
बंबाच्या उरलेल्या तुकड्यावर आ,
ळ काढताना पत्रा दोनदा फाटला.
चाचपायला द्यायचं, तळहातावर काढायचं.
चाचपायला द्यायचं, काढायचं.
चौदा महिने.
आजोबांना वाटत होतं, पहिला शब्द बाबा येईल.
तिने त्यांचा काळा, भेगाळलेला पंजा ओढला
आणि त्यावर लिहिलं:
पुरे.
आळीभर पेढे वाटले त्यांनी.

पुढे ती मठारकामाला बसली.
डावा अंगठा पुढे, हातोडी त्याच्या मागे,
ठोक्याला खेटून ठोका.
अंगठा किती वेळा ठेचला ते तिने मोजलं नाही.
आजीने मोजलं.
भांडी बाजारातले दुकानदार माल उचलण्याआधी
घागर तिच्या मांडीत ठेवत.
ती टिचकी मारून भांडं पोटाशी धरी
आणि पाणी न भरता गळती दाखवी.

दुतोंड्या मारुती बुडाला त्या रात्री
नदी फरशीतून येते आहे म्हणून
तिने घर उठवलं, असं आई सांगते.
खरं की आईची भर, ठाऊक नाही.
मला आठवतं ते एवढंच:
माळ्यावर, मिट्ट काळोखात, माझ्या हातावर तिचं बोट.
कालचा हंडा वर घेतलास का?
घेतला नव्हता.
तीन दिवस बोलली नाही.
तिचं न बोलणं म्हणजे दोन्ही मुठी आवळून बसणं.
मुठी मिटल्या की आम्ही सगळे
दाराबाहेर.

एकसष्टीला सत्कार झाला.
वक्ते तीनदा म्हणाले, अंधारावर मात.
मी तसंच तिच्या हातावर काढलं, तिच्याच पद्धतीने.
तिने विचारलं:
अंधारावर भात?
मग शाल, श्रीफळ, पितळी समई.
समईच्या मानेवरून बोट गेलं ते तिथेच थांबलं.
सभागृह वाट बघत होतं.
माझ्या तळहातावर घाईघाईत: डाक कच्चा आहे.
मी माइकमध्ये म्हणालो,
आत्या म्हणतात, मी आपली आभारी आहे.
लोक उभे राहिले. टाळ्या लाकडी मंचातून
तिच्या तळपायांत शिरल्या असाव्यात,
कारण तिने चपला काढल्या.

त्याच रात्री समई सुटी करून,
नवा डाक देऊन, जेवायला बसली ती.

ती गेली त्याला चार वर्षं झाली.
आळीत आता ठोके तीनच घरांतून.
वीज गेली की मी देवघरात जातो,
डोळे मिटतो, खरं तर मिटायची गरज नसते,
आणि समईच्या मानेवरून बोट फिरवतो.
पुन्हा फिरवतो.
जोड सापडत नाही.