सुईघर

साठ डिग्रीवर फिरवला मी तो स्वेटर.
चूक माझीच. डोळ्यांवर रात्रपाळी होती
आणि आतल्या पट्टीवरचं बारीक अक्षर अरबी.
बाहेर काढला तर भरल्या छातीचा गडी
मशिनीतून बाहुलीएवढा होऊन आला.
मुदीर ओरडला नाही. वहीत लिहिलं फक्त :
अठरा दिनार, तीन हप्ते.
तिसरा फिटला त्या दिवशी
स्वेटर माझा झाला.

गुदैबियातल्या ऑगस्टमध्ये
लोकर घेऊन माणसानं करायचं काय?
पडून राहिला खाटेखाली, पेटीवर.
पोराला पाठव, म्हणाला मोतालेब.
पोरगा माझा चौदाचा.
निघालो तेव्हा बसला असता.

इथली हवा खारट. खोलीतसुद्धा.
डबीतली सुई आठ दिवसांत तांबूस होते,
नेढ्यात गंज धरतो, दोरा अडतो, तुटतो,
कॉलरवर लाल ठिपका उठतो
आणि तो पुन्हा आमच्याच लाँड्रीत येतो.
लोकरीत खोच, म्हणाला थंकप्पन.
अल्टरच्या कोपऱ्यात एकतीस वर्षं बसलेला माणूस,
त्याची सुई नेहमी चकचकीत.
मेंढीचं तेल असतं तिच्यात,
कितीही धुतलं तरी थोडं उरतं.

शुक्रवारी कात्री लावली.
मला वाटलं, आता सगळा उसवणार,
खाटभर धागेच धागे.
एक धागा सुटला नाही.
कापली तिथं कड तशीच उभी,
घट्ट, भाकरीच्या कडेसारखी.
आटलं की उसवत नाही रे ते,
थंकप्पन म्हणाला आणि बराच वेळ हसला.
एवढं हसण्यासारखं काय, मी विचारलं नाही.

बाहीचं झालं मलपृष्ठ,
पाठीच्या तुकड्याची आत दोन पानं,
मधून धावदोरा, माझाच, वाकडा.
बटणही त्याच स्वेटरचं.
पहिलं असं झालं की मिटेचना.
दुसरं बरं. तिसरं थंकप्पननं मागून घेतलं,
उलटंपालटं केलं, खिशात टाकलं,
चहाचे पैसे त्यानं दिले.

आता जोईलचं सांगतो.
आमच्याकडे दिवेलागणीनंतर
सुई हातातून हातात देत नाहीत,
माणसामाणसांत टोचणी लागते म्हणतात.
आणि इथं बारा माणसं
दिवेलागणीनंतरच खोलीवर येतात,
बटणं सगळ्यांची दिवसा तुटलेली.
वासुदेव जोईलनं मागितली, मी दिली नाही.
गावचाच माणूस, त्याला कारणही माहीत,
तरी चार दिवस बोलला नाही.
म्हणजे न देऊनही टोचायची ती टोचलीच.

म्हणून चौथं सुईघर मोठं केलं,
दाराजवळच्या खिळ्याला टांगलं, गॅसच्या बिलाशेजारी.
कुणी देत नाही. कुणी मागत नाही.
जो तो उठतो, काढतो, आणून खोचतो.
जोईल दोरा ओवूनच परत ठेवायचा,
पांढरा, टोकाला गाठ मारून,
पुढच्याचे डोळे कसे असतील काय माहीत, म्हणायचा.
जूनमध्ये तो कायमचा गेला.
त्याची शेवटची सुई
मी अजून वापरलेली नाही,
आणि बाकीच्यांनीही नाही, हे काल लक्षात आलं.

स्वेटरचा आता गळा तेवढा उरलाय,
पट्टी शिवलेला.
त्याचं होईल लहानसं एखादं.
पट्टी उसवायला घेतली तर मुश्ताक बुरोंडकर म्हणाला, थांब,
आणि दिव्याखाली धरून,
बोटानं उजवीकडून डावीकडे,
एकेक शब्द लावत वाचली :
थंड पाण्यात. हातानं. पिळू नये.
सावलीत, आडवं ठेवून सुकवावं.

पट्टी राहू दिली.
आतल्या पानावर आली आहे,
सुया तिच्या खाली.