खालची ओळ

तहसीलच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली,
एकोणतीस वर्षं झाली माझ्या टेबलाला.
एक पाय आखूड, त्याखाली कवेलूचा तुकडा.
उत्पन्नाचा, रहिवासाचा, हरवलेल्या रेशनकार्डाचा,
अर्ज कोणताही असो, शेवटची ओळ मी न बघता लिहितो:
'वरील माहिती खरी आहे. खोटी आढळल्यास
मी शिक्षेस पात्र राहीन.'
मग अंगठा पुसायला चिंधी देतो.

बुधवारी लेतूबाई टेकाम आली, पोडावरून, दोन ऑटो बदलून.
प्लास्टिकच्या पिशवीतून पत्र काढलं.
शिक्का, जावक क्रमांक, हिरव्या शाईची सही.
'वाच,' म्हणाली, 'तीन जनायनं वाचून दाखवलं, तरी वाच.'

'सदर पोडावरील हातपंप सुस्थितीत असून
पाणी पिण्यायोग्य आहे. तक्रार निकाली.'

हापशीचा दांडा मागच्या पोळ्यालाच निखळला.
तो तिनं सोबत आणला होता, जुन्या धडुत्यात गुंडाळून.
टेबलावर ठेवला तशी दौत घसरली.
'हे पाय. सुस्थिती.'

मी हसलो. ती नाही हसली.
बोटानं कागदाचा तळ टोकरत राहिली.
'आमच्या अर्जाखाली तू लिहितं ते इथं कुठं हाये?
खोटं निंघालं त शिक्षा... ते ओळ?'

मी पत्र उलटं केलं. पाठ कोरी.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
हिरव्या सहीखाली कागद सरळ संपत होता.

इतके अंगठे धरले मी या हातानं,
आणि हे विचारायला
आठवी नापास पोरगंही पुरलं असतं.

मग अर्ज लिहिला:
'महोदय, आपल्या पत्राखाली एक ओळ राहून गेली आहे.
ती आपल्या हस्ताक्षरात लिहून मिळावी.
न मिळाल्यास कोर्टातून मागावी लागेल.'
भाषा माझी. 'राहून गेली' हे तिचं.

आवकच्या खिडकीत निनावे बाबूंनी दोनदा वाचला.
'कोणत्या कलमाखाली?'
'आमाले लावता थेच,' लेतूबाई म्हणाली.
बाबूंनी पंख्याकडे पाहिलं. लाइट नव्हती.
अर्ज परत सरकवला:
'खाली स्वयंघोषणा नाही.'

मीच विसरलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा.
तिनं ती तिथंच, उभ्या उभ्या लिहायला लावली
आणि अंगठा असा दाबला
की खालच्या कागदावरही उमटला.

पोच मिळाली. तारीख फिकट आली.
'पंधरा दिवसानं येतो,' म्हणाली.
दांडा विसरून गेली की ठेवून गेली, कळलं नाही.
वारा सुटला की कागदांवर मी तोच ठेवतो.