काजळी

अत-बाशीच्या बाहेर, खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर
माझी पत्र्याची शेड. बापाची होती.
दाराच्या आतल्या अंगाला खडूने लिहिलेली उधारी,
फेडणारे निम्मे आता नाहीत,
तरी मी ती पुसत नाही.

जपारकुल आला तेव्हा कमाझ खोकत होता.
आठातले दोन सिलिंडर मध्येच हरवायचे,
धूर काळा,
आणि डिझेल म्हणे वाळूत ओतल्यासारखं जातं.
"पंप बघ," तो म्हणाला.
गाडी आणणाऱ्याला रोगाचं नाव आधीच ठाऊक असतं.
ऐकून घ्यायचं, आणि पाने उचलायचे.

इंजेक्टर निघेनात.
रात्रभर बुडाशी तेल सोडून ठेवलं,
सकाळी सरकता हातोडा लावला.
पाचवा आला तो दाढ उपटावी तसा,
मुळाशी काळं मांस घेऊन.
तांब्याची चकती मात्र आतच राहिली.
इथेच लोक फसतात, जुनीवर नवी बसवतात,
मग इंजेक्टर केसभर उंच बसतो
आणि भलतीकडेच फवारतो.
तारेचा आकडा करून ती काढली,
अर्धा तास, जिभेचं टोक दातांत धरून.

मग टेस्टरवर.
दांडी दाबली की चांगलं नोझल करकरतं,
नव्या वहाणेसारखं,
आणि धुकं सोडतं. त्या धुक्यात हात घालू नये,
ते कातडीत शिरतं;
बापाचं एक बोट त्यानेच नेलं.
जपारकुलची तीन करकरली.
दोन नुसती मुतली.
दोन गप्पच.
आणि पाचव्याचं, काटा चढायच्या आधीच
थेंब थेंब, शेंबड्या पोरासारखं.

म्हणून त्याचं हेड उघडलं.
पिस्टनवर काजळी, नखाएवढी जाड.
चढावरची काजळी कोरडी असते, पापुद्र्याने सुटते.
ही ओलसर, मेणचट.
वात खाली ओढून दिवा रात्रभर ठेवावा
तशी, अर्धपोटी जळलेली.

"उभ्या उभ्या किती चालवतोस ही?"
"छे. उभी कशाला करू?"
मी पितळी पट्टी त्याच्यासमोर धरली,
टोकावर लोण्यासारखा काळा गोळा.

तो हातमोजा काढत बसला,
एकच, बराच वेळ.
मग म्हणाला, काल्बुबू गेल्यापासून
घरात झोपलो नाही.
गाडी फाटकाच्या आत लावतो,
इंजिन चालू ठेवतो. केबिनमध्ये ऊब असते.
आणि आवाज असतो.

सुयुनला म्हटलं, चहा टाक.
अशा वेळी काय बोलायचं ते बापाने शिकवलं नव्हतं.
त्याने झडपा घासायला शिकवलं होतं.
झडपा घासल्या. मॅनिफोल्डच्या नळ्या घासल्या,
निम्म्या अरुंद झालेल्या, आत बोट जाईना.
रॉकेलचं पाणी तीनदा काळं झालं,
चहा दोनदा थंड.

नवी नोझलं, नव्या चकत्या.
नट सैल करून हवा काढली:
आधी फेस, मग बुडबुडे,
मग मनगटावरून ओघळलेलं गार डिझेल.
चावी फिरवली. गाडी एकदा उचकली,
आणि चालू लागली, फारसं काही घडलं नसल्यासारखी.

"वजन घालून खिंड चढ," मी म्हटलं,
"तिला तापू दे. राहिलेली काजळी वाटेत जळेल.
रात्री बंद कर."
"आणि मग?"
"चूल पेटव."
"धूर खोलीभर होतो."
"मग धुराडं झाडलं नाहीस कधीपासून?"

तो हसला नाही. बोटांवर महिने मोजू लागला,
सातव्यावर थांबला.

भिंतीवरचा सगळ्यात लांब दांड्याचा ब्रश काढून
मी त्याच्या केबिनमध्ये टाकला.
गाडी वळणाआड गेल्यावर खडू शोधला
आणि दारावर, मेलेल्यांच्या खाली जागा होती तिथे,
लिहिलं:
जपारकुल. ब्रश, एक.