एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धुळ्यात
सावलीसुद्धा पोळते.
कॅज्युअल्टीतला पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलतो
आणि मी झोके मोजते,
म्हणजे झोक्यांवरून पडलेले कोपर.
सकाळपासून तीन. हा चौथा.

हर्षाली झुलाल पाटील, वय सात.
मामाच्या गावी, बोरीकाठी,
निंबाच्या फांदीवरून दोर निसटला
आणि तिनं जमिनीपुढे हात केला,
पडणारं प्रत्येक पोर करतं तसा.

चिंध्या. हळद, अंड्याचा बलक,
बांबूच्या चार कामट्या, वरून सुतळी.
बांधणारे सुपडू आप्पा सोबतच आलेत,
टोपी हातात घेऊन दाराशी उभे.
मी रागावणार होते, वाक्य तयार होतं,
पण बोटं निळी दिसल्यावर
मध्यरात्री टेम्पोवाल्याला उठवलं ते त्यांनीच.
वाक्य गिळलं.

रशीद तडवी कात्री घालतो. सुतळी तुटते.
बोटं गार, चुन्यासारखी.
मनगटावर माझी तीन बोटं:
काही नाही.
काही नाही.
कोपर जरासा उघडते, सरळ नाही,
गाठ न सोडता दोर ढिला करावा तेवढाच,
आणि थांबते.
मग खालून, फार खालून,
मुंगी चालल्यासारखं काहीतरी.
कुणाला सांगत नाही. पुन्हा मोजते.
नखाखाली गुलाबी चढायला लागतं.

"अंगठा आणि बोट जोड बरं. बांगडीसारखा गोल कर."
ती करते. बांगडी चपटी होते.
केसपेपरवर लिहिते: नस दुखावलीये.
परत येईल. बहुतेक.

आई एक्स-रे उजेडाकडे धरते
आणि तिला फटीच फटी दिसतात.
"इतली तुटेल शे?"
नाही हो. ही फट मोड नाही, ही पण नाही.
तिथलं हाड अजून यायचंय.
कोपर एकदम येत नाही, दाण्यादाण्यानं उगवतो,
एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा,
मागंपुढं होतं थोडं, पावसासारखं.
खरी मोड ही एवढीच, वरची,
जिथं हाड दोन्हीकडून खोलगट, मध्ये पापडाएवढं.

"पोरनी जात शे, बाई.
हात वाकडा राही गया ते?"

मी एप्रनची बाही वर करते.
डावा हात. नवव्या वर्षी पडलेला.
कोपरापासून अंगाकडे वळलेला,
पुढं केला की आधी तोच दिसतो.
लग्नाच्या फोटोत शालीखाली आहे.
तिचा असा होणार नाही, असं म्हणत नाही.
म्हणते, ह्याच हातानं मी तार धरते.

रात्री भूल.
ओढ. थांब. अजून ओढ. आता बाजूला.
आता माझा अंगठा मागून, आणि वाकव.
पडद्यावर करडी हाडं एकमेकांना शोधतात
आणि एक क्षण, ऐकू न येणारा, बसतात.
बाहेरून दोन तारा.
आतल्या बाजूनं नको, तिथं नस झोपलेली असते.
रशीद कापूस गुंडाळतो, मग अर्धंच प्लास्टर,
सुजेला जागा ठेवून.
पहाटे चारला मी पुन्हा तिची बोटं धरायला जाते.
गरम. ती झोपेत माझं बोट दाबते
आणि सोडत नाही.

चार आठवड्यांनी तारा पकडीनं निघतात,
ती ओरडायच्या आत.
तिला त्या हव्यात. रशीद धुऊन कागदात बांधून देतो.
कोपर अजून पुरता उघडत नाही.
बांगडी मात्र जवळजवळ गोल.
"मालीश करायची नाही. ओढायचा नाही.
तिचा ती उघडेल, खेळता खेळता."
हे मी आईला सांगते, मामाला सांगते,
मग दाराकडे बघून जरा मोठ्यानं सांगते.

सुपडू आप्पा मान हलवतात.
आणि स्वतःचे दोन्ही अंगठे,
तेलानं काळे पडलेले,
बराच वेळ उलटेसुलटे करून बघत राहतात.