सीआरपी

बेलापूर, सेक्टर पंधरा. सकाळचे सव्वासात.
बुधाजी तांडेल बाही वर सारतात.
दिवाळ्याचे. चाळीस वर्षं खाडीत गेली,
आता पाय सुजलेत. बोट दाबलं
की खळगा तसाच राहतो,
ओहोटीच्या चिखलात टाच उमटावी तसा.

ही सूज दिसते.
मी मोजतो ती दिसत नाही.
राखेखाली धुमसत असते रक्तात,
यंत्रात घातली की आकडा होतो.

मार्चमध्ये नऊ. गेल्या वेळी अठरा.
हृदय आज किती पंप करतंय ते एकोवाला सांगतो,
हा आकडा पुढचं सांगतो.
म्हणजे, शंभर जणांचं सांगतो.
एकाचं नाही सांगत.

"आज पन वाढंल का रं?"
"डॉक्टर बोलतील, काका."
आम्हाला तेवढंच वाक्य दिलंय.

कापूस दाबून धरत ते हसले.
"पान्याला वास आला का बोंबील येत नाय,
बापूस सांगाचा.
कदी याचे बी.
आमी जालं टाकाचोच."

लेबल चिकटवलं : पुरुष, एकाहत्तर, उपाशीपोटी.
नळी हातात
अजून कोमट होती.